फोर-व्हील पिकअपचा पुढचा हब आणि ॲक्सल कसा काम करतो? लिव्हर ओढूनही पुढची चाकं का फिरत नाहीत?

सप्टेंबर महिना, परतीचा पाऊस दोन दिवस पडून गेलेला, आणि काळ्या रानाला अजून वाफसा नाही. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यात माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, नुकतीच घेतलेली सेकंड हँड फोर-व्हील पिकअप डाळिंबाचे क्रेट भरून शेतरस्त्याने बाहेर काढायला घेतली. पन्नास फुटांत गाडी रुतली. दादाने लिव्हर ४एच वर टाकली, डॅशबोर्डवर फोर-व्हीलचा दिवा लागला, रेस दिली. मागचं एक चाक चिखल उडवत फिरत राहिलं. पुढची दोन्ही चाकं जागची हलली नाहीत.

शेवटी शेजारच्या अण्णांचा ट्रॅक्टर आणला. अण्णा साखळी लावताना म्हणाले, "आरं, फोर-व्हील घेतली म्हणून गावभर सांगत होतास, मग माझा ट्रॅक्टर कशाला लागतोय तुला?"

त्या दिवशीचा लिलाव हुकला. नंतर कळलं की इंजिन, गिअर, लिव्हर सगळं ठीक होतं. दोष होता उजव्या चाकाच्या मधोमध असलेल्या मूठभर आकाराच्या एका भागात. त्याला म्हणतात लॉकिंग हब. हा भाग नीट कळला की फोर-व्हील गाडी कशी चालते, ती कुठे फसवते आणि सेकंड हँड घेताना काय बघायचं, हे सगळं कळतं. म्हणून आज आपण पुढचा ॲक्सल आणि हब अगदी मुळापासून समजून घेऊ.

इंजिनाची ताकद पुढच्या चाकापर्यंत कशी पोहोचते?

बहुतेक पिकअपमध्ये 'पार्ट-टाइम फोर-व्हील' पद्धत असते. म्हणजे रोज गाडी फक्त मागच्या चाकांवर चालते, गरज पडली की पुढची चाकं जोडायची. वाट अशी आहे:

१. इंजिन आणि गिअरबॉक्स
२. ट्रान्सफर केस: गिअरबॉक्सच्या मागचा छोटा डबा. फोर-व्हीलची लिव्हर किंवा बटण याच्याशी जोडलेलं असतं.
३. पुढचा प्रोपेलर शाफ्ट: ट्रान्सफर केसपासून पुढच्या ॲक्सलपर्यंत येणारा लांब दांडा
४. डिफरन्शियल: क्राऊन-पिनियन असलेला गोळा. इथून ताकद डावीकडे आणि उजवीकडे वाटली जाते.
५. दोन ॲक्सल शाफ्ट: प्रत्येक चाकाकडे जाणारा एक
६. हब: ज्यावर चाक नटांनी कसलेलं असतं

लिव्हर ओढल्यावर फक्त दुसऱ्या नंबरचं काम होतं. ट्रान्सफर केस पुढचा प्रोपेलर शाफ्ट जोडते, तिथून ताकद ॲक्सल शाफ्टच्या टोकापर्यंत येते. पण तो शाफ्ट आणि चाक एकमेकांना जोडलेले आहेत की नाही, हे हब ठरवतो.

मोबाईलच्या भाषेत सांगायचं तर लिव्हर ओढणं म्हणजे आपल्या फोनवर हॉटस्पॉट चालू करणं. समोरचा फोन कनेक्टच झाला नसेल तर त्याला नेट मिळणार नाही. हब लॉक करणं म्हणजे ते कनेक्ट होणं.

लिव्हरवर साधारण तीन खुणा असतात. २एच म्हणजे फक्त मागची चाकं, नेहमीचा वेग. ४एच म्हणजे पुढची-मागची जोडलेली, वेग नेहमीचाच. ४एल म्हणजे जोडलेली, शिवाय ट्रान्सफर केसमधला जास्तीचा गिअर लागलेला. ४एल मध्ये बऱ्याच गाड्यांची ओढ साधारण अडीच पट वाढते आणि वेग तितकाच कमी होतो. चढावर भरलेली गाडी काढायला किंवा खोल चिखलातून हळू बाहेर यायला हा गिअर असतो.

पुढचा ॲक्सल मागच्यापेक्षा वेगळा का?

मागच्या चाकाला फक्त फिरायचं असतं. पुढच्या चाकाला फिरायचंही असतं आणि स्टिअरिंगबरोबर वळायचंही असतं. सरळ दांडा वळलेल्या चाकाला फिरवू शकत नाही, म्हणून चाकाजवळ शाफ्टला एक सांधा द्यावा लागतो.

जुन्या जीपसारख्या गाड्यांत हा सांधा बहुधा युनिव्हर्सल जॉइंट असतो. गॅरेजमध्ये याला नुसतं 'क्रॉस' म्हणतात. तो मजबूत आणि स्वस्त आहे, पण एक खोड आहे. शाफ्ट वाकलेला असताना आतली बाजू एकसारख्या वेगाने फिरली तरी बाहेरची बाजू तशी फिरत नाही. कोन ३० अंशांचा असेल तर प्रत्येक फेरीत दोनदा बाहेरचा वेग सुमारे १३ टक्क्यांनी घटतो आणि दोनदा सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून फोर-व्हीलमध्ये गाडी हाणली की हाताला जे हिसके बसतात, त्यामागे हे एक कारण असतं.

यावर उपाय म्हणजे सीव्ही जॉइंट, म्हणजे कोन कितीही असला तरी दोन्ही बाजूंना एकसारखा वेग देणारा सांधा. १९२० च्या दशकात फोर्ड कंपनीतले इंजिनीअर अल्फ्रेड झेपा यांनी स्टीलच्या गोळ्या वापरून केलेली याची रचना आजही जगभरच्या गाड्यांत आहे. सीव्ही जॉइंटवर घड्या असलेली रबरी टोपी असते, तिला बूट म्हणतात. बूट फाटला की आतलं ग्रीस बाहेर उडतं, माती आत जाते आणि जॉइंट लवकरच संपतो. वळताना पुढून 'टक-टक-टक' आवाज आला तर आधी बूट बघा.

ॲक्सलचेही दोन प्रकार आहेत. एक सलग ॲक्सल. यात डिफरन्शियल आणि दोन्ही शाफ्ट एकाच लोखंडी हाऊसिंगमध्ये असतात, एक चाक वर गेलं की दुसरं थोडं तिरकं होतं. हा प्रकार दणकट, दुरुस्तीला सोपा. दुसरा प्रकार स्वतंत्र सस्पेन्शनचा. यात डिफरन्शियल चासीला पक्का बसवलेला असतो आणि दोन्ही बाजूंना सीव्ही जॉइंटचे मोकळे शाफ्ट असतात. भारतात २०१६ मध्ये आलेली इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स या दुसऱ्या प्रकारातल्या.

हब म्हणजे नक्की काय?

चाकाच्या आत जो भाग बेअरिंगवर फिरतो आणि ज्याला चाकाचे नट लागतात, तो हब. तो एका पोकळ, न फिरणाऱ्या नळीवर बसवलेला असतो. त्या नळीच्या पोकळीतून ॲक्सल शाफ्ट बाहेर येतो. गाडीचं वजन नळी आणि बेअरिंग पेलतात, शाफ्ट फक्त फिरवण्याचं काम करतो.

आता मुद्दा असा की हब नळीवर फिरतोय आणि शाफ्ट नळीच्या आत आहे. म्हणजे दोघं एकमेकांना न जोडता स्वतंत्र राहू शकतात. शाफ्टच्या टोकाला लांबट दाते असतात आणि हबच्या आतही तसेच दाते असतात. लॉकिंग हबमध्ये या दोघांच्या मध्ये एक दातेरी रिंग असते.

- फ्री: रिंग बाहेर सरकलेली असते. चाक फिरतं, पण शाफ्ट, डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट शांत राहतात.
- लॉक: रिंग आत सरकते, शाफ्टचे आणि हबचे दाते एकत्र पकडते. आता शाफ्ट फिरला की चाक फिरणारच, आणि चाक फिरलं की शाफ्ट.

फ्री ठेवायची सोय कशाला केली? दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये ती नव्हती. टू-व्हीलमध्ये चालवतानाही पुढचे सगळे भाग चाकांबरोबर विनाकारण फिरत राहायचे. युद्ध संपल्यावर लष्कराच्या शिल्लक जीप सामान्य लोकांकडे आल्या, रोज डांबरी रस्त्यावर धावू लागल्या, आणि झीज, आवाज, इंधन यांचा त्रास जाणवू लागला. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलला आर्थर वॉर्न यांनी याच जीपसाठी लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. पुढे वॉर्न हे नाव विंचसाठीही जगभर माहीत झालं. त्याच सुमारास मुंबईत माझगावला महिंद्राकडे विलीज जीप जोडायचं काम सुरू झालं, आणि आपल्याकडे फोर-व्हीलची सुरुवात झाली.

हबचे आणि जोडणीचे प्रकार

हाताने फिरवायचा हब: चाकाच्या मधोमध गोल चकती असते, त्यावर लॉक आणि फ्री अशा खुणा असतात. गाडी थांबवून, खाली उतरून, दोन्ही बाजूंची चकती हाताने फिरवायची. चिखलात उतरावं लागतं हा तोटा. पण आत भाग कमी, म्हणून बिघाड कमी.

ऑटो हब: फोर-व्हील टाकून गाडी हलली की शाफ्टच्या फिरण्यानेच आतली रिंग सरकते. सुटायला बऱ्याच गाड्यांत २एच मध्ये आणून एक-दोन मीटर सरळ रिव्हर्स घ्यावं लागतं. काही जुन्या ऑटो हबचा तोटा असा की रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवताना दिशा बदलली की हब क्षणभर सुटतो.

व्हॅक्यूम हब: इंजिनाच्या व्हॅक्यूमने बारीक नळ्यांमधून हवा खेचून रिंग सरकवली जाते. सुझुकी जिम्नी हे याचं ओळखीचं उदाहरण. नळीला चीर गेली किंवा सील खराब झालं तर डॅशबोर्डवर फोर-व्हील दिसत असूनही हब लॉक होत नाही.

ॲक्सलमधली तोड: नव्या पिकअपमध्ये बरेचदा हबला चकती नसतेच. हब आणि शाफ्ट कायमचे जोडलेले असतात, आणि तोडायची जागा डिफरन्शियलजवळ एकाच बाजूच्या शाफ्टवर असते. फोर-व्हीलचं बटण दाबलं की मोटर किंवा व्हॅक्यूम ती जागा जोडतो. टोयोटाच्या पिकअपमध्ये ही पद्धत अनेक वर्षांपासून आहे. एका बाजूला तोडून कसं भागतं? जोडलेल्या बाजूचं चाक आपला शाफ्ट फिरवतं, डिफरन्शियलमधले छोटे गिअर दुसऱ्या बाजूचा मोकळा तुकडा उलटा फिरवतात, आणि मोठा क्राऊन गिअर जागेवरच थांबतो. म्हणून प्रोपेलर शाफ्टही थांबलेला राहतो.

एक हब लॉक, दुसरा फ्री: हाती शून्य

दादाच्या गाडीला हाताने फिरवायचे हब होते. दोन्ही चकत्या लॉकवर होत्या. तरी पुढचं एकही चाक फिरलं नाही. लांबूनच वाकून मोबाईलचा टॉर्च मारला तेव्हा उजव्या बाजूचा शाफ्ट गरगर फिरताना दिसला. चाक मात्र थांबलेलं. म्हणजे चकती लॉक दाखवत होती, पण आतली रिंग सरकलीच नव्हती.

उजवं समजलं, पण डावा हब तर खरोखर लॉक होता. मग डावं चाक का नाही फिरलं?

कारण डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलचा नियम असा: दोन्ही बाजूंना जोर सारखाच जातो, आणि तो किती जाणार हे ज्या बाजूला कमी अडथळा आहे ती बाजू ठरवते. उजवा शाफ्ट हवेत फिरल्यासारखा मोकळा होता, त्याला फिरवायला जवळपास काहीच जोर लागत नव्हता. म्हणून डाव्या चाकालाही जवळपास काहीच जोर मिळाला नाही. पुढच्या ॲक्सलमध्ये एक हब चालला नाही तर अर्धं फोर-व्हील मिळतं असं नाही, काहीच मिळत नाही.

हाच नियम चांगल्या गाडीलाही लागू आहे. पुढचं एक आणि मागचं एक चाक एकाच वेळी घसरलं तर फोर-व्हील गाडीसुद्धा जागेवर थांबू शकते. म्हणून काही पिकअपमध्ये मागच्या डिफरन्शियलला लॉक असतं, किंवा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर पाठवणारी इलेक्ट्रॉनिक सोय असते.

डांबरी रस्त्यावर ४एच का नको?

वळताना पुढची चाकं मागच्यापेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात. हिशोब करून बघू. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर ३ मीटर धरा, आणि मागचा ॲक्सल ६ मीटर त्रिज्येच्या वळणावरून जातोय असं समजा. पायथागोरसने पुढच्या ॲक्सलची त्रिज्या येते सुमारे ६.७ मीटर. काटकोनात एक वळण घेतलं तर मागचा ॲक्सल ९.४ मीटर जातो, पुढचा १०.५ मीटर. फरक सुमारे १.१ मीटर.

टायरचा घेर सुमारे २.४ मीटर आणि डिफरन्शियलचं प्रमाण ४ धरलं, तर पुढचा प्रोपेलर शाफ्ट मागच्यापेक्षा सुमारे पावणेदोन फेऱ्या जास्त फिरायला हवा. पण पार्ट-टाइम ट्रान्सफर केसने दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. फरक जाणार कुठे?

चिखलात, वाळूत, मुरमावर टायर थोडा घसरतो आणि हिशोब मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, म्हणून ताण शाफ्ट, क्रॉस, गिअर आणि हबच्या दात्यांवर साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते, लिव्हर २एच ला निघत नाही, आणि जास्त झालं तर काहीतरी तुटतं.

हे आपल्या शेतकऱ्यांना नवीन नाही. फोर-व्हील ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं लहान असतात, आणि गिअर असे ठेवलेले असतात की ती किंचित जास्त अंतर कापायला बघतात, पुढून ओढ मिळावी म्हणून. म्हणूनच रस्त्याला लागलं की फोर-व्हील काढायची असते, नाहीतर पुढचे टायर झिजतात. पिकअपलाही तोच नियम.

कधी काय ठेवायचं? (हाताने फिरवायचे हब असतील तर)

- उन्हाळा, डांबरी रस्ता, पुणे-सोलापूर हायवे: हब फ्री, लिव्हर २एच.
- पावसाळा, रोज शेतरस्ता आणि डांबर आलटून-पालटून: हब लॉक, लिव्हर २एच. रान आलं की फक्त लिव्हर ४एच करायची. हब लॉक आणि लिव्हर २एच असताना डांबरावर नुकसान होत नाही, पुढचे भाग फिरतात म्हणून थोडा आवाज आणि थोडं डिझेल जास्त लागतं इतकंच.
- चिखल समोर दिसतोय: रुतायच्या आधी ४एच टाका. चाक खड्ड्यात बसल्यावर चकती शोधायला चिखलात हात घालावा लागतो.
- भरलेली गाडी, खोल चिखल किंवा चढ: गाडी थांबवून ४एल, पहिला किंवा दुसरा गिअर, रेस कमी.
- हब फ्री आणि लिव्हर ४एच: याचा उपयोग शून्य.

सेकंड हँड फोर-व्हील घेताना हब कसे तपासाल?

विकणारा 'फोर-व्हील चालू आहे' म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा डॅशबोर्डवरचा दिवा दाखवतो. दिवा लागला म्हणजे ट्रान्सफर केस जोडली, एवढंच बऱ्याच गाड्यांत कळतं. चकतीचा हब असेल तर ही तपासणी करा:

१. सपाट, कडक जागी गाडी उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, इंजिन बंद, लिव्हर २एच.
२. पुढचं एक चाक जॅकवर उचला. जॅकच्या भरवशावर गाडीखाली अजिबात शिरू नका. बाजूने टॉर्च मारून बघता येतं.
३. चकती फ्री करा, चाक हाताने फिरवा. शाफ्ट फिरायला नको. जुन्या सलग ॲक्सलमध्ये शाफ्ट हाऊसिंगच्या आत असतो, तिथे चाकाजवळचा क्रॉस दिसत असेल तर तो बघा, नसेल तर चाक हलकं फिरतंय की जड, ते हाताला कळतं.
४. चकती लॉक करा, पुन्हा फिरवा. आता शाफ्ट चाकाबरोबर फिरला पाहिजे. चाक फिरतंय आणि शाफ्ट थांबलाय, तर हब गेला.
५. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड लागली तर बेअरिंग सैल आहे.
६. हेच दुसऱ्या बाजूला करा. एका बाजूवर समाधान मानू नका, कारण वर बघितलं तसं एक बंद म्हणजे दोन्ही बंद.

एकाने चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने मोबाईलवर व्हिडिओ काढायचा. नंतर मिस्त्रीला दाखवायला तोच कामी येतो. व्हॅक्यूम किंवा बटणाच्या गाडीत ही तपासणी अशीच होत नाही. तिथे मोकळ्या मातीच्या जागेत ४एच टाकून, सगळे लांब उभे राहून, पुढची चाकं खरंच माती ओढतात का ते बघायचं.

देखभाल

फोर-व्हील वापरली नाही म्हणून ती जपली जाते असं होत नाही. रिंग आणि दाते महिनोन्‌महिने हलले नाहीत की ग्रीस घट्ट होतं, गंज धरतो, आणि नेमक्या गरजेच्या दिवशी रिंग सरकत नाही. टोयोटाच्या फोर-व्हील गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये महिन्यातून किमान १६ किमी फोर-व्हीलमध्ये चालवायला सांगितलेलं आढळतं, पुढच्या भागांना वंगण मिळावं म्हणून. हे मातीच्या रस्त्यावर करायचं.

- चकती हातानेच फिरवा. पक्कड लावली तर चकती फिरेल, आतला तुकडा तुटेल.
- बेअरिंगला भरपूर ग्रीस लागतं, पण लॉकिंग हबच्या आत पातळ थरच हवा. जास्त ग्रीस कोंबलं तर रिंग त्यातच अडकते.
- ओढ्यातून किंवा चारीच्या पाण्यातून गाडी गेली तर ग्रीस बघून घ्या. दुधाळ रंग दिसला म्हणजे आत पाणी शिरलंय.
- सीव्ही बूट आणि ऑइल सील दर सर्व्हिसिंगला बघायला सांगा.

नेहमी पडणारे प्रश्न

हब फ्री ठेवले तर मायलेज खूप वाढतं का?
थोडा फरक पडतो, पण त्यासाठी पावसाळ्यात रोज फ्री-लॉक करत बसण्यात अर्थ नाही. झीज आणि आवाज कमी होतो, हा मोठा फायदा.

चालत्या गाडीत ४एच टाकता येतं का?
बऱ्याच गाड्यांत ठराविक वेगाखाली टाकता येतं, तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पण हाताचे हब फ्री असतील तर आधी थांबून ते लॉक करावे लागतात. ४एल साठी बहुतेक गाड्या थांबवाव्याच लागतात.

साधी टू-व्हील पिकअप फोर-व्हील करता येते का?
नुसते हब लावून होत नाही. ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल, शाफ्ट, सस्पेन्शन सगळंच बदलावं लागतं, आणि गाडीत असा बदल करायला आरटीओची मंजुरी लागते. त्यापेक्षा मूळची फोर-व्हील गाडी घेतलेली बरी.

दादाच्या गाडीचा उजवा हब दुसऱ्या दिवशी उघडला. आत सुकलेली माती आणि डांबरासारखं काळं झालेलं ग्रीस, त्यात रिंग चिकटून बसलेली, स्प्रिंग गंजलेली. सगळं डिझेलने धुतलं, स्प्रिंग बदलली, ग्रीसचा हलका हात दिला आणि सर्क्लिप लावून बंद केलं. आठ दिवसांनी पुन्हा पाऊस झाला. दादाने रानात शिरायच्या आधी खाली उतरून दोन्ही चकत्या फिरवून बघितल्या, मग लिव्हर टाकली. या वेळी अण्णांचा ट्रॅक्टर गोठ्याशेजारीच उभा राहिला.